घोड्याला ओकता येत नाही

ब्रश ओला होता. डॉक्टरनं तो तोंडात घातला, दातांवर टेकवला, आणि ते गार, नुकतंच कुणाच्या तरी तोंडातून बाहेर आलेलं ओलेपण जिभेला कळलं तसा झटक्यानं बाहेर ओढला. बेसिनवरच्या दिव्याखाली धरून पाहिला. केसांच्या मुळाशी फेसाचा पांढरा कण अडकला होता. दांड्यावर अंगठा येतो तिथंही ओल होती. निळा दांडा, टोकाला चावलेला. चावायची सवय त्याची, म्हणजे ब्रश त्याचाच. पोटातून एक लाट उठली आणि गळ्यापर्यंत येऊन तिथंच थांबली. तो बेसिनवर वाकला, वाट पाहिली, पण उलटी झाली नाही. तोंडात नुसती लाळ भरत राहिली आणि तो थुंकत राहिला. ज्या माणसाची हयात घोड्यांच्या लिदीत बोटं घालण्यात गेली, ज्यानं दंडापर्यंत हात घोड्याच्या आत घातला आणि त्याच हातानं, धुऊन का होईना, दुपारचा डबा खाल्ला, त्याला एका ओल्या ब्रशनं आडवं पाडावं, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तोच हसला असता. पण लीद ही लीद असते. आपण ती लीद म्हणूनच हातात घेतो. ब्रश तोंडात जातो. तिथं आपल्याआधी कुणीतरी येऊन गेलेलं असणं म्हणजे आपल्या अंथरुणात शिरावं आणि ते कोमट लागावं, तसं. त्यानं ब्रश दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला, वर झाकण दाबलं, बोटानं दात घासले आणि मग ते बोट पुन्हा पुन्हा धुतलं.

घरात माणसं तीन. बायको त्याच्यानंतर उठते आणि आपला ब्रश कपाटात झाकून ठेवते. ती असल्या बाबतीत त्याच्याहून काटेकोर. राहिला मेहुणा. बायकोचा हा धाकटा भाऊ चार दिवस राहतो म्हणून आला, त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. त्याच्या मागे ना बायको ना पोर, म्हणजे परत जाण्याला काही कारणही नाही. डॉक्टरनं मनातल्या मनात त्याचं नावच 'चारदिवस' ठेवलं होतं. सुरुवातीला बाहेरच्या खोलीतला कोच, मग कोचाशेजारचं कपाट, मग बाथरूममधला एक ग्लास. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. त्या ग्लासात रात्री पाण्यात त्याची कवळी पडलेली असायची, गुलाबी आणि हसरी. उमेदीच्या वर्षांत तंबाखूनं त्याच्या हिरड्या खाल्ल्या आणि चाळिशीच्या आतच सगळे दात गेले. डॉक्टर त्या ग्लासाकडे न बघता दाढी करायला शिकला होता. गेल्या आठवड्यात कवळीला तडा गेला, ती दुरुस्तीला गेली, तेव्हापासून चारदिवस दुधात भिजवलेला पाव नुसत्या हिरड्यांनी खात होता. ओठ आत ओढले जायचे, हनुवटी नाकापर्यंत वर यायची आणि गिळताना एक बारीक चप् असा आवाज व्हायचा. डॉक्टरचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. बायकोला म्हटलं तर ती म्हणे, असू दे ना, त्याच्यानं मला बरं वाटतं. म्हणजे काय बरं वाटतं, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

टेबलाशी बसल्यावरही तो आवाज चालूच होता. बायको फोनवर कुणाला तरी सांगत होती, आमचे यजमान घोड्यांचे डॉक्टर, कुत्र्यामांजरांचं नाही बघत. यजमान. जंतांच्या पुस्तकातही हाच शब्द होता. जंत ज्याच्या पोटात राहतो, ज्याचं खातो, ज्याच्या ऊबेत अंडी घालतो, त्या जनावराला यजमान म्हणायचं. लग्न नवं होतं तेव्हा हा विनोद त्यानं बायकोला सांगितला होता आणि ती पोट धरून हसली होती. आज त्याला हसू आलं नाही. समोर तो पाव चोखत होता आणि आपण त्याचे यजमान. ब्रश हा शब्द तोंडातून काढावा तर तो फेस पुन्हा जिभेवर आल्यासारखं वाटेल, म्हणून त्यानं कारण सांगितलंच नाही. चारदिवसकडे न बघता एवढंच म्हणाला, की आपली बॅग भर आणि संध्याकाळी मी आलो की या घरात दिसू नकोस. बायकोनं फोन खाली ठेवला. काय झालं, तिनं विचारलं. तो म्हणाला, त्यालाच विचार. चारदिवसनं आधी बहिणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि चमचा वाटीत ठेवला. त्याला ठाऊकच नसावं असा त्याचा चेहरा होता. डॉक्टरला त्या चेहऱ्याचीही किळस आली.

रोज सकाळी तबेल्याची गाडी कोपऱ्यावर थांबायची, आणि रोज चारदिवस त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत यायचा. कुणी बोलावलेलं नसायचं. हातात किल्ल्या द्यायचा, गॅस बंद आहे म्हणून सांगायचा, आणि मग चालता चालता ती नेहमीची टकळी सुरू व्हायची. काल काय काय केलंत दाजी? त्या काळ्या घोडीचा पाय कसा आहे? काल तुम्ही म्हणत होतात की अमुक औषध दिलं, मग आज काय देणार? कालचं सगळं चघळून, ओलं करून तो परत तोंडात द्यायचा. डॉक्टरला वाटायचं, स्वतःला आयुष्य नाही म्हणून हा माझं उष्टं खातो. गोचीडही एका जागी चिकटून गप्प तरी राहतो. हा बोलतो. आज डॉक्टर जिन्यावरून एकटा उतरला. मागे पावलं आली आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबली. "दाजी, आज जाताना..." असं काहीतरी वरून ऐकू आलं. "माझ्या मागे येऊ नकोस," तो वर न बघता म्हणाला, आणि रस्त्यावर आल्यावर कितीतरी दिवसांनी आपला रस्ता आपल्या एकट्याचा आहे असं वाटून त्याला मोकळं वाटलं.

गाडीत खिडकीशी बसून तो पुलाखालचं पाणी, दुकानांची अर्धी उघडलेली शटरं बघत राहिला. लहानपणी त्याला झोपेत दात खायची सवय होती. आई म्हणायची, दात खातो म्हणजे पोटात जंत झालेत. मग एरंडेल. नाक दाबून चमचा आत, आणि दुसऱ्या दिवशी आई स्वतः येऊन बघायची काय पडलं ते, आणि शेजारणीला मोठ्यानं सांगायची, पडले बाई एकदाचे. आपल्या आत आपल्याला न विचारता कुणीतरी राहत होतं, आपण खाल्लेलं खात होतं, आपण झोपलो की हलत होतं, याची त्या वेळी बसलेली दहशत पुढे त्याचा धंदा झाली. लोकांना वाटायचं घोड्यांच्या प्रेमापोटी हा डॉक्टर झाला. घोडी त्याला आवडत होतीच, पण खरी ओढ आत काय चाललंय ते बघण्याची. कॉलेजात पहिल्यांदा मेलेल्या घोड्याचं जठर उघडलं तेव्हा आतल्या भिंतीवर माशीच्या अळ्या दाटीवाटीनं तोंड रुतवून बसलेल्या होत्या, लालसर, आणि अजून जिवंत. बरोबरची दोघं बाहेर धावली. तो उभा राहिला, पण चिमट्यानं भराभरा ओढायला त्यानं सुरुवात केली. शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सरांनी मनगट धरलं. किळस आली की हात घाई करतात, ते म्हणाले, आणि घाई झाली की जनावर मरतं. हे वाक्य त्यानं पुढे प्रत्येक मालकाला ऐकवलं. इतक्यांदा, की ते आता त्याचंच झालं होतं.

तबेल्याच्या फाटकाशीच मालकीणबाई उभ्या होत्या. शहराच्या टोकाला त्यांची घोडेस्वारी शिकवायची शाळा होती आणि डॉक्टरची छोटी खोली तबेल्याच्या मागच्या बाजूला. बाई चार दिवस बाहेरगावी होत्या, त्या आत्ताच परतल्या होत्या आणि आल्या आल्या शिंगराकडे गेल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. रुमाल नाकाशी धरून त्या म्हणाल्या, की लिदीत लांबलचक पांढरं काहीतरी पडलंय आणि ते हलतंय. डॉक्टरनं जाऊन पाहिलं. गोल जंत. वीतभर लांब, पेन्सिलीएवढे जाड, दोन्ही टोकांना निमुळते. तीन निपचित पडले होते आणि एक सावकाश आपलं अंग वळवत होता, कशाचीच घाई नसल्यासारखा. एरवी त्यानं तो हातमोज्यात उचलून बाईंना समजावून सांगितलं असतं. आज त्या हलण्याकडे बघवेना. त्याला फेसाचा कण आठवला.

हे शिंगरू त्यानं स्वतःच्या हातांनी ओढून बाहेर काढलं होतं. पाय दुमडून अडकलं होतं, घोडी थकली होती, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर ते ओलं लांबलचक अंग त्याच्या मांडीवर घसरत आलं होतं. घोडी पुढे दगावली आणि शिंगरू बाटलीवर वाढलं. बाई म्हणत, हे माझं नाही, तुमचं आहे. आता त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, फासळ्या मोजाव्यात अशा वर, केस राठ, आणि अधूनमधून तो कोरडा खोकला. या जंतांची तऱ्हाच अशी. चिकट अंडी भिंतीला, चाऱ्याला, आईच्या कासेला लागलेली असतात. शिंगरू चाटतं, अंडी पोटात जातात, पिल्लं आतडं भोकसून यकृतात, तिथून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात आणि शिंगरू ती पुन्हा गिळतं. स्वतःच्याच खोकल्यातून आलेलं आपल्याच पोटात पोसायचं. असं पोट गच्च भरलेलं असलं की एकदम जालीम औषध द्यायचं नसतं, हा या धंद्यातला पहिला धडा. सगळे एका दमात लुळे पडले तर त्यांचाच बोळा आतड्यात अडकतो. म्हणून आधी सौम्य पांढरं औषध, जे थोडे मारतं आणि थोडे सोडतं. मग दोनतीन आठवडे थांबायचं, लीद तपासायची, शिंगराच्या अंगात जरा जीव येऊ द्यायचा, आणि मग पिवळं, जे कुणालाच सोडत नाही.

पांढरं देऊन झालं होतं, हे त्याला स्वच्छ आठवत होतं. शिंगरानं मान कशी उडवली, थोडं औषध मोतद्दाराच्या बाहीवर कसं उडालं, घोड्यांना खरारा आणि चारापाणी करणारा तो रांगडा माणूस कसा फिस्सकन हसला, सगळं. त्याला महिना होत आला असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आठवण चित्रासारखी लख्ख होती; फक्त ते चित्र भिंतीवर कुठे टांगायचं तो खिळा सापडत नव्हता, आणि खिळा नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे महिना झाला आणि अजून हे वळवळतायत. म्हणजे पांढऱ्यानं भागलं नाही. बाई म्हणत होत्या, डॉक्टर, मला हे बघवत नाही, याच्या आतलं सगळं एकदाचं बाहेर काढा. एकदाचं. त्याला तो शब्द थंड पाण्यासारखा वाटला. घरातलंही एकदाचं, इथलंही एकदाचं. त्यानं फीत आणून शिंगराच्या छातीचा घेर मोजला, वजनाचा अंदाज बांधला, पिवळ्याची पिचकारीसारखी नळी काढली, तिच्या दांड्यावरची कडी फिरवून बरोबर आकड्यावर आणली. हातांना काहीही विसर पडलेला नव्हता. मोतद्दार तोंड धरायला आला आणि नळी बघून थबकला.

"आज लगेच पिवळं?" त्यानं विचारलं.

"का? तुला विचारून द्यायचं का?"

मोतद्दार ओशाळला. त्यात औषधाचं ज्ञान वगैरे काही नव्हतं, त्यानं आपलं सहज विचारलं होतं. डॉक्टर चिडलाय म्हटल्यावर त्यानं मुकाट्यानं शिंगराचं डोकं काखेत धरलं. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये नुसत्या हिरडीची मोकळी जागा असते. डॉक्टरनं ओठाच्या कोपऱ्यातून नळी तिथं सरकवली, जिभेच्या मुळाशी औषध दाबलं आणि हनुवटी वर धरली. शिंगरानं गिळलं. गिळताना त्याच्या घशातून चप् असा आवाज आला आणि डॉक्टरनं मान फिरवली.

दुपारी तो आपल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. दुसऱ्या घोड्यांची लीद मिठाच्या पाण्यात कालवून तरंगणारी अंडी बघायचं काम. गोल, करडी, जाड सालीची अंडी भिंगाखाली शांत पडलेली असतात आणि त्याला एरवी त्यांच्याकडे बघून चित्त थाऱ्यावर आल्यासारखं वाटे. आज तो एक काचपट्टी बघे आणि ही बघून झाली की राहिली, असा घोळ होई. डबा उघडला, पण घास गेला नाही. त्याच्या मनात चारदिवसची बॅग भरणं चाललं होतं. तो काय काय नेईल, कोच रिकामा कसा दिसेल, ग्लास फेकून देता येईल. हे मनात घोळवताना आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी आज कुणीतरी काहीतरी विचारायचं राहून गेलंय, असं त्याला सारखं वाटत होतं. तेवढ्यात मोतद्दार दारात आला. तो धापा टाकत होता आणि शब्द नीट जुळत नव्हते. शिंगरू लोळतंय, एवढंच कळलं.

शिंगरू पेंढ्यावर आडवं पडून पोटाला लाथा मारत होतं. घामानं भिजलेलं. उठायचं, गुडघ्यावर यायचं, पोटाकडे वळून बघायचं आणि पुन्हा धाडकन पडायचं. डॉक्टरनं ओठ वर करून हिरडी दाबली. अंगठा काढल्यावर तिथली पांढरी खूण भरून यायला हवी, ती भरेना. कडांना जांभळट रेघ दिसत होती. पोटाला कान लावला. आत काहीच नव्हतं, गुडगुड नाही, पाण्याचा आवाज नाही, बंद खोलीसारखी शांतता. जठरात दाब वाढला होता. घोड्याला ओकता येत नाही. त्याच्या घशाची रचनाच अशी की आत गेलेलं माघारी फिरत नाही; जठर फुटेल, पण वर येणार नाही. म्हणून नाकातून नळी घालून आपणच ते काढायचं असतं. त्यानं नळी ओली करून नाकपुडीत सरकवली, बोटानं मार्ग दाखवत खाली नेली, बादलीत टोक सोडलं. आधी हिरवट पाणी आलं. मग धार अडली. त्यानं नळी हलवली, आणि नळीच्या तोंडातून एक पांढरं टोक डोकावलं, थांबलं, आणि मग सरकत बाहेर आलं. त्याच्यामागे दुसरं. दुसऱ्या नाकपुडीतूनही एक लोंबत होता, ओला, लुळा. मालकीणबाई भिंत धरत बाहेर गेल्या. तीस वर्षांत डॉक्टरला या कामाची किळस आली नव्हती. आता आली, आणि ती सकाळपासून दारात उभी असल्यासारखी सरळ आत शिरली.

वेदनेवरचं इंजेक्शन काढायला त्यानं कोटाच्या खिशात हात घातला. हाताला दोन नळ्या लागल्या. एक पिवळ्याची, सकाळची. दुसरी पांढऱ्या औषधाची, रिकामी, आणि तिच्या तोंडाशी राहिलेलं औषध अजून मऊ होतं. त्यानं ते बोटांत चोळलं. महिन्यापूर्वीचं औषध खडूसारखं वाळलं असतं. शिवाय कोट दर आठवड्याला धुवायला जातो.

"हे पांढरं मी कधी दिलं?" त्यानं मोतद्दाराला विचारलं. आवाज त्याला स्वतःला परका वाटला.

"काल संध्याकाळी," मोतद्दार म्हणाला. शिंगराचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्यानं एका हातानं आपली बाही पुढे केली. कोपराजवळ पांढरा डाग होता. "हे काय. अजून धुतला नाही सदरा."

म्हणजे लिदीत पडले होते ते कालच्या पांढऱ्यानं मेलेले पहिले जंत. औषध लागू पडलं होतं. सगळं जसं व्हायला हवं तसं चाललं होतं, आणि त्यानं एका दिवसाचा महिना केला. घोड्यांच्या मोठ्या दवाखान्याची गाडी फोन केल्यावर निघाली खरी, पण ती फाटकातून आत आली तेव्हा पेंढा हलायचा थांबला होता. वरातीमागून घोडं म्हणतात तसं. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असंही म्हणतात. पण हे शिंगरू मेलं डॉक्टरच्या डोक्यातल्या एका रिकाम्या जागेनं, त्याला म्हण नव्हती. त्यानं पोट उघडून पाहिलं. पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं. आतडं दोरखंडासारखं टणक झालेलं आणि एका ठिकाणी फाटलेलं, आणि त्या फटीतून ते सगळे एकमेकांना बिलगून बाहेर आलेले. त्यातलाही एखादा वळवळत असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण पिवळ्यानं कुणालाच सोडलं नव्हतं. त्यानं बाईंना गाठलं आणि म्हणाला, माझ्या हातून गेलं. बाई रडत होत्या. त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, असं म्हणू नका, तुमच्या हातून कितीतरी वाचली आहेत. त्याला पुन्हा सांगायचं होतं, की हे बोलायची पद्धत म्हणून बोललो नाही, खरोखरच माझ्या हातून. पण तोंड उघडलं आणि पुन्हा ती लाट गळ्यापर्यंत येऊन थांबली.

परतीच्या गाडीत त्यानं हात मांडीवर उताणे ठेवले होते. धुतले होते, तरी वास येत होता, किंवा नव्हता आणि त्यालाच येत होता. सकाळचं एक एक तो आठवत गेला. बाथरूमचा दिवा. तो लावायला हात गेला तेव्हा तो आधीच लागलेला होता. टॉवेल ओलसर होता. आणि तोंड. ब्रश तोंडात घालण्याआधीच तोंड गार होतं, पेस्टच्या चवीनं गार, आणि जीभ गुळगुळीत. ते त्याला तेव्हाही कळलं होतं आणि तेव्हाच त्यानं ते बाजूला सारलं होतं, कारण समोर ओला ब्रश होता आणि किळस येणं जास्त सोपं होतं. ज्याच्या तोंडातून तो ब्रश नुकताच बाहेर आला होता ते तोंड त्याच्याच चेहऱ्यावर होतं. मग सगळ्या वर्षभराच्या गोष्टी एकेक करून माघारी फिरल्या. किल्ल्या कुणी दिल्या. गॅस बंद आहे हे रोज का सांगावं लागतं. काल काय केलंत दाजी. ते उष्टं खाणं नव्हतं, तो घास भरवत होता. आपल्या आत कुणीतरी न विचारता राहायला आलंय आणि आपण झोपलो की, जागे असलो तरी, थोडं थोडं खातंय, आणि त्याला ना पांढरं औषध ना पिवळं. सगळ्यात शिसारी त्याला कशाची आली असेल तर ती उद्या सकाळची. उद्या उठल्यावर आपण स्वच्छ असू. दात घासू, चहा पिऊ, आणि शिंगरू कसं आहे ते बघायला तबेल्यात जाऊ.

कोपऱ्यावर चारदिवस उभा होता. जवळ आला नाही. सकाळचं बोलणं त्यानं पाळलं होतं, चार पावलं मागे राहून चालत राहिला. घरात दाराशी बॅग भरलेली होती. आला होता त्याच बॅगेत त्याचं सगळं मावलं होतं. बायकोचे डोळे सुजले होते. डॉक्टर सरळ बाथरूममध्ये गेला, पुन्हा हात धुतले. कचऱ्याचा डबा रिकामा केलेला होता. जुन्या ब्रशच्या जागी नवा उभा होता, निळाच, कोरा. म्हणजे त्यांना काय झालं ते समजलं होतं. शेजारी कवळीचा ग्लास कोरडा, उपडा. तो पहिल्यांदा त्या ग्लासाकडे नीट बघत राहिला. मग टॉवेल हातात घेऊन बाहेर आला.

"सकाळी माझा ब्रश कुणी वापरला?" त्यानं विचारलं.

बायकोनं काही बोलण्यासाठी तोंड उघडलं. पण चारदिवस आधी बोलला.

"मीच, दाजी," तो म्हणाला. "दात घासायला घेतला. चुकलं माझं."

बोलताना त्याचं तोंड उघडलं होतं. दिव्याखाली दोन्ही हिरड्या दिसल्या, वरची आणि खालची, सलग, नितळ, एकही दात नसलेल्या. निरोगी रंग होता. अंगठ्यानं दाबली असती तर लगेच भरून आली असती. डॉक्टर त्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याला किळस आली नाही. बायकोनं ओट्याकडे तोंड फिरवलं.

"ती बॅग आत ठेव," डॉक्टर म्हणाला.

चारदिवसनं बॅग उचलली, पण तो जागचा हलला नाही. अजून काहीतरी यायचंय हे त्याला समजलं असावं.

"शिंगरू गेलं," डॉक्टर म्हणाला. "माझ्यामुळे गेलं. पांढरं काल दिलं होतं आणि मी आज पिवळं दिलं. उद्या बाईंना हे सांगायचंय, आणि दुसरा डॉक्टर बघा म्हणायचंय. मी विसरलो तर आठवण कर."

"करीन, दाजी. कोपऱ्यापर्यंत येईन." तो बॅग घेऊन आत निघाला आणि दारात थांबला. "तुमचं घासून झालं की ब्रश मी रोज पुसून ठेवतो. आजच तेवढा राहिला. उद्यापासून आठवणीनं पुसून ठेवीन."